कान काढून लिहिलेलं वाक्य

जुनं ईमेल सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याचं बोट एकदा दारात चेमटावं, एवढीच ताईंची त्या आठवड्यात इच्छा होती. फार मोठं मागणं नव्हतं. करंगळीसुद्धा चालली असती.

ताई इस्पितळाच्या बोनमॅरो विभागात समन्वयक होत्या. म्हणजे वरच्या मजल्यावर डॉक्टर पेशंट बघणार, आणि त्या पेशंटला जुळणारा दाता जगाच्या पाठीवर कुठे आहे, त्याच्या पेशी कधी काढणार, कुठल्या विमानानं आणणार, हे सगळं तळमजल्यावरच्या एका खोलीतून ताई जुळवणार. सगळा व्यवहार ईमेलवर. ताईंना जन्मापासून दिसत नाही. स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम पडद्यावरचं सगळं त्यांच्या एका कानातल्या इयरफोनमध्ये वाचून दाखवायचा. त्या त्याला पोपट म्हणायच्या. काम सगळं कीबोर्डवर. माऊस मॉनिटरच्या मागे पडलेला असायचा, नवऱ्याच्या एखाद्या मित्रासारखा. घरात असतो खरा, पण आपलं त्याच्याशी काही काम नसतं. मॉनिटर तर त्या बंदच ठेवायच्या.

नव्या सॉफ्टवेअरची गोम अशी होती. लिहायच्या चौकटीत असलात तर अक्षर म्हणजे अक्षर. दाबलं की उमटलं. पण चौकटीतून बाहेर, मेलच्या यादीवर असलात, तर तेच अक्षर म्हणजे हुकूम. एक दाबलं की मेलला तारा लागतो, दुसरं दाबलं की मेल वाचलेला ठरतो, तिसरं दाबलं की मेल उचलून कुठल्या फोल्डरमध्ये टाकू असं विचारतो. डोळसाला ते कळतं, कारण आपण कुठे आहोत हे त्याला समोर दिसतं. ताईंना विचारावं लागायचं. त्यासाठी दोन कळा एकदम दाबायच्या, की पोपट सांगायचा: तुम्ही लिहायच्या चौकटीत आहात, तुम्ही यादीवर आहात. खुर्चीत बसलं की आधी त्या कळा, मग बाकी सगळं. ही सवय त्यांना श्वासासारखी लागलेली होती.

त्या दिवशी दुपारी मात्र ती मोडली, आणि ती का मोडली हे सांगायचं तर आधी वायरमनबद्दल सांगायला हवं.

वायरमन म्हणजे वरच्या मजल्यावर, जंतू लागू नयेत म्हणून काचेच्या खोलीत ठेवलेल्या मुलीचा बाप. मुलगी नऊ वर्षांची, घरातलं लाडाचं नाव टिल्लू. तिच्या खोलीत एकाच माणसाला परवानगी, आणि तिथे तिची आई असायची. मग बाप उरला बाहेर. बाहेरच्या बाकावर बसून बसून कंटाळला की खाली ताईंच्या खोलीत येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा. आधी काहीबाही विचारायचा, मग गप्प बसायचा. पण हाताला चैन नाही. कधी पंख्याचा रेग्युलेटर खोलून बघ, कधी सैल झालेला सॉकेट घट्ट कर. ताईंनी दोनदा बजावलं होतं, "अहो, आख्खी खोली दुरुस्त करा, पण माझ्या टेबलाला हात लावू नका." तो हो म्हणाला होता.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत टिल्लूचं औषध सुरू व्हायचं होतं. हे औषध साधं नव्हे. डोक्यावरचे केस तर जाणारच, पण ते मुलीचा स्वतःचा बोनमॅरो, हाडांतला रक्त बनवणारा मगज, समूळ मारून टाकणार, आणि मग परदेशातल्या दात्याच्या पेशी येऊन त्या जागी रुजणार. एकदा थेंब आत गेला की परतीची वाट नाही. पेशी आल्या तर मुलगी वाचली. नाही आल्या, तर तिच्या अंगात रक्त तयार करणारं काहीच उरलेलं नाही. दात्याकडून सगळं ठीक असल्याचं पत्र, दात्यांची नोंद ठेवणाऱ्या परदेशातल्या रजिस्ट्रीकडून आधीच आलं होतं. आता प्रथा अशी, की ऐनवेळी काही बदललं तरच मेल येतो. मेल नाही आला, तर ठरल्याप्रमाणे.

ताई रक्तपेढीला उत्तर लिहीत होत्या. अर्ध्या वाक्यात असताना औषध-विभागातल्या बाई दारात आल्या, टिल्लूचं औषध मिसळून वर पाठवलं होतं, त्याच्या कागदावर सही हवी होती. ताई उठून बाहेर गेल्या. सही केली, बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या, ताईंनी तीन सांगितल्या, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. इयरफोन कानात घालताहेत तोवर कोपऱ्यातून वायरमन बोलला.

"ताई, तिला आज खूप त्रास होईल का हो?"

आवाज कापत होता. असं विचारणाऱ्या माणसाशी एका कानानं बोलायचं म्हणजे काय माणुसकी झाली? त्यांनी इयरफोन काढून गळ्यात टाकला आणि चेहरा त्याच्याकडे केला. "आज नाही होणार," त्या म्हणाल्या. "दोन-चार दिवसांनी होईल. पण सिस्टर आहेत, डॉक्टरबाई आहेत, तिची आई आहे. सगळं बघतील." हे बोलता बोलता बोटं आपली चालू. रक्तपेढीचं राहिलेलं अर्धं वाक्य मनात तयारच होतं. ते सराईतपणे टाईप केलं आणि एंटर मारला. दोन कळा दाबायच्या राहिल्या. कान गळ्यात लोंबत होता, त्यामुळे पोपट काय बोलला तेही कुणी ऐकलं नाही.

तेवढ्यात डॉक्टरबाई दारात आल्या. "ताई, रजिस्ट्रीकडून काही?"

ताईंनी इयरफोन घातला, इनबॉक्सच्या वरच्या टोकाला गेल्या, खाली उतरत पाहिलं. रक्तपेढी. लिफ्ट बंद राहण्याची सूचना. कँटीन. रजिस्ट्री नाहीच. "काही आलेलं नाही, डॉक्टर."

"छान. मग सुरू करते. औषध तयार आहे, ते फार वेळ ठेवता येत नाही." डॉक्टरबाई वायरमनला म्हणाल्या, "चला, आता मागे वळून बघायचं नाही." आणि गेल्या.

आता बघा, ज्या बापानं या क्षणासाठी महिनोन् महिने जीव टांगणीला लावलेला, तो काय करेल? धावत वर जाईल, काचेला नाक लावून उभा राहील. हा पठ्ठ्या जागचा हलला नाही. ताईंना खुर्चीची करकर ऐकू आली, मग थांबली. त्याचा श्वास जड येत होता, नाकातून, थांबून थांबून.

"जा ना वर," ताई म्हणाल्या.

तो उठला नाही.

"काय झालं हो?"

"ताई," तो म्हणाला. "मेल आलाय."

"कुठला मेल?"

"रजिस्ट्रीचा. मी बघितलाय. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा आला. टिल्लूचा केस नंबर होता त्याच्यावर. तो मला पाठ आहे, झोपेत विचारा."

ताई खुर्चीतच वळल्या. "बघितलात म्हणजे? मॉनिटर बंद आहे माझा."

"चालू आहे, ताई."

चालू होता! नवं सॉफ्टवेअर शिकवायला आलेले महाभाग तो चालू ठेवून गेले होते, आणि चार दिवस ताईंच्या टेबलावरचं सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला उघडं पडलेलं होतं. कुणाला सांगायची बुद्धी झाली नव्हती.

"मग उघडलात तुम्ही तो?"

"नाही हो. माऊस मागे होता, तो घेतला, त्या ओळीवर एकदा टिचकी मारली. ओळ निळी झाली, उघडलं काही नाही. तेवढ्यात तुमच्या काठीचा आवाज आला. मी माऊस ठेवून दिला." त्याचा आवाज बारीक झाला. "आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या बोर्डाला विचारल्याशिवाय हात लावला की थोबाडीत खातात."

"खायलाच हवी!" ताई ओरडल्या. दारावरून जाणारं कुणीतरी थबकलं. "आणि मग डॉक्टरांना मी काही आलं नाही म्हणाले तेव्हा दातखीळ बसली होती का तुमची?"

मग तो एकदम सगळं बोलून गेला. "आधी वाटलं तुम्ही वाचला असेल आणि त्यात विशेष काही नसेल. मग वाटलं, वाचला नसेल. तर नसू दे. दोनदा तारीख पुढे गेलीये, ताई. दोनदा तिला सांगितलं, आज नाही, नंतर. मला वाटलं, एकदाचं सुरू तर होईल. सुरू झालं की कुणी पुढे ढकलणार नाही."

ताईंना राग आला होता, आणि त्या रागाला धरून ठेवायलाही वेळ नव्हता. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला.

"मेल आलाय," त्या म्हणाल्या. "सापडत नाही. माझ्याच हातून कुठेतरी गेलाय."

"काय लिहिलंय त्यात?"

"माहीत नाही."

"पाहिला कुणी?"

"वडिलांनी. नुसती वरची ओळ."

पलीकडे डॉक्टरबाईंनी सुस्कारा सोडला. "ताई, बापाच्या मनात शंभर शंका येतात. आज सुरू नाही केलं तर तिकडून पेशी ठरल्या दिवशी येतील आणि इकडे मुलगी तयार नसेल. पेशी काय फडताळात ठेवायच्या? मी शेजारच्या वॉर्डातला राऊंड आटोपते. तोवर थांबते. नंतर मी आत जाईन, फोन बाहेर राहील."

रजिस्ट्रीला फोन लावला. तिकडे घंटा वाजली, मग रेकॉर्ड केलेला गोड आवाज: कार्यालय बंद आहे, कृपया ईमेल करावा. ताईंनी त्या गोड आवाजाला एक कडू शब्द ऐकवला आणि फोन ठेवला.

मग शोधाशोध. शोधाच्या चौकटीत केस नंबर टाकला. पोपट म्हणाला, निकाल नाही. कचऱ्यात पाहिलं, नाही. नको असलेल्या मेलांमध्ये पाहिलं, तिथे कुणीतरी ताईंना वजन कमी करून देणार होतं, बाकी काही नाही. संगणक विभागात फोन केला. तिथला गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मॅडम, शोध सध्या फक्त उघड्या फोल्डरमध्ये चालतो. जुने फोल्डर अजून जोडले जाताहेत. तक्रार नोंदवून ठेवा, सोमवारी बघतो."

"सोमवारी मुलगी मेलेली असेल," ताई म्हणाल्या.

"तसं असेल तर तक्रारीत तातडीचं असं लिहा," तो म्हणाला.

ताईंनी फोन आदळला. प्रत्येक पेशंटचा एक फोल्डर, त्याच्या पोटात आणखी फोल्डर, वर्षानुवर्षांचे. शेकडो. बाणाच्या कळेनं एकेक उघडून आत डोकवायचं म्हटलं तर संध्याकाळ उलटून जाईल.

"मी बघतो ना डोळ्यांनी, पटापट," वायरमन म्हणाला, आणि त्याचा हात टेबलावर आला. माऊसची वायर सरकल्याचा आवाज झाला. ताईंनी अंदाजानं फटका मारला तो बरोबर त्याच्या मनगटावर बसला.

"हात काढा! तुम्ही आता एक टिचकी मारलीत तर मी आहे तिथून पण हरवेन. बसा खाली. मी विचारते तेवढंच सांगा."

तो बसला. ताईंनी दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले. आधी मांडणी, मग कीबोर्ड, हे त्यांनी स्वतःला बजावलं. मी रक्तपेढीच्या चौकटीत होते, त्यांनी मनात मांडलं. यानं टिचकी मारली, मला चौकटीतून काढून यादीवर आणून बसवलं, त्याच मेलवर. मी आले आणि कान काढून वाक्य पुरं केलं. म्हणजे ते वाक्य चौकटीत पडलंच नाही. ते हुकूम होऊन त्या मेलच्या डोक्यावर पडलं.

खरं-खोटं बघायला एक जागा होती. त्यांनी रक्तपेढीचं अर्धवट उत्तर उघडलं. पोपटानं वाचलं, आणि वाक्य मधेच तुटलं. जिथे त्या सहीसाठी उठल्या होत्या, तिथेच. पुढे एक अक्षर नाही. बाप खरं बोलत होता. आणि आता एक गोष्ट हाताशी होती, की राहिलेलं अर्धं वाक्य कुठलं होतं हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

"लिफ्टचा मेल," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काय?"

"लिफ्ट बंद राहणार म्हणून सूचना आलीये. ती गेली तरी कुणाचं काही बिघडत नाही. तिला त्याच वाटेनं पाठवते. आपण फक्त ती कुठे जाते ते ऐकायचं." त्यांनी इयरफोन कानात नीट घट्ट बसवला. "एकच टिचकी मारली होती ना? दोन नाही?"

"एकच. आईशप्पथ."

"आणि ओळ निळी झाली. आणखी कुठे काही?"

"नाही. नुसती निळी."

ताई यादीवर आल्या. दोन कळा दाबल्या, पोपट म्हणाला, यादी. खाली उतरून लिफ्टच्या सूचनेवर थांबल्या. आता तेच अर्धं वाक्य त्याच वेगानं टाईप करायचं होतं, आणि सांगायला सोपं वाटतं, पण करून बघा! इतकी वर्षं बोटांनी आपोआप केलेली गोष्ट मुद्दाम करायला गेलं की बोटंच आडमुठी होतात. पहिल्यांदा एक कळ चुकली. मेल हललाच नाही, नुसता तारा लागला. ताईंनी तारा काढला, पुन्हा सूचनेवर आल्या.

"वाक्य मोठ्यानं म्हणा ना," वायरमन म्हणाला. "मी वायर ओढताना रंग मोठ्यानं म्हणतो. चुकत नाही मग."

ताईंना वाद घालायला वेळ नव्हता. त्यांनी तोंडानं म्हणत टाईप केलं: पिशव्या सकाळी लागतील, नेहमीच्या दारानं पाठवा, पावती माझ्या नावे करा. तोंड मराठीत, बोटं इंग्रजीत. हे त्यांचं रोजचंच होतं. कानात पोपटाचा नुसता गडबडगुंडा चालला होता. वाचलेलं केलं. न वाचलेलं केलं. मग एक कळ पडली आणि तो म्हणाला, कुठे हलवायचं? पुढची अक्षरं त्या नव्या चौकटीत पडत गेली, आणि प्रत्येक अक्षरासरशी तो फोल्डरांची नावं घेत, बदलत, गळत गेला. शेवटी एंटर.

"हलवलं," पोपट म्हणाला. "बंद केसेस."

बंद केसेस म्हणजे ज्यांचं सगळं संपलं ते. काही बरे होऊन घरी गेलेले, काही तसेच गेलेले. तो फोल्डर कुणी उघडत नसे. महिनोन् महिने तो मेल तिथे पडून राहिला असता आणि कुणाला कळलंही नसतं.

"सापडला?" वायरमननं विचारलं.

"गप्प बसा."

बंद केसेस. एंटर. सगळ्यात वर लिफ्टची सूचना, आत्ताच आलेली, गुमान पडलेली. बाण खाली. रजिस्ट्री. टिल्लूचा केस नंबर. ताईंनी एंटर दाबला आणि कानावर तळवा दाबून धरला.

मेल छोटा होता. दात्याला कालपासून जोराचा ताप आहे, त्याला इस्पितळात ठेवलं आहे, ठरल्या दिवशी पेशी काढता येणार नाहीत. पेशंटला तयारीचं औषध कृपया सुरू करू नये. पुढची तारीख कळवू.

"काय लिहिलंय?" वायरमन पडद्याकडे झुकला होता, त्याचा श्वास ताईंच्या खांद्यावर येत होता. "ताई, काय लिहिलंय? मला एवढं इंग्रजी झपाट्यानं नाही कळत."

"सुरू करू नका असं लिहिलंय."

तो "अं" म्हणाला. समजलं होतं त्याला, तरी म्हणाला.

"दाता आजारी आहे. पेशी येणार नाहीत. ऐकताय का? पेशी येणार नाहीत. आणि औषध—" ताईंनी तोवर डॉक्टरबाईंचा नंबर लावला होता. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. म्हणजे राऊंड संपला. म्हणजे त्या आत गेल्या. फोन बाहेर. वॉर्डाचा नंबर लावला. एंगेज.

"वर जा," ताई म्हणाल्या. "माझ्यापेक्षा तुम्ही लवकर पोचाल. धावा. त्यांना थांबवा."

आणि त्या एका क्षणाला, तेवढ्या एकाच, तो हलला नाही. ताईंना ते स्पष्ट जाणवलं. या माणसाला आपण काय सांगतोय ते त्यांनाही कळत होतं. ज्या दारात उभं राहून सुरू करा, सुरू करा म्हणून यानं हात जोडले, त्याच दारात जाऊन यानंच नको म्हणायचं. तिसऱ्यांदा.

मग खुर्ची मागे उलटली आणि त्याच्या चपला बाहेरच्या फरशीवर फटाफट वाजत गेल्या. लिफ्टजवळ तो थांबला नाही. जिन्याचं दार आदळलं.

ताई वॉर्डाचा नंबर लावत राहिल्या. एंगेज. एंगेज. आग लागो त्या फोनला! पुन्हा एंगेज. मग एकदम रिंग गेली आणि सिस्टरनं उचलला.

"सिस्टर, टिल्लूचं औषध—"

"ताई, एक मिनिट हं, इथे काय चाललंय बघते. अहो! अहो, तुम्हाला आत परवानगी नाही!" रिसीव्हर काउंटरवर ठेवल्याचा खडखडाट झाला.

"औषध सुरू करू नका!" ताई रिसीव्हरमध्ये ओरडत होत्या. "सिस्टर! कुणी आहे का? सुरू करू नका!" ऐकायला तिकडे कुणी नव्हतं. ताईंच्या कानात मात्र तिकडचं सगळं येत होतं. काचेवर हाताचे धपधप आवाज. कुणाच्या तरी ट्रेमधून काहीतरी खाली पडलं. वायरमनचा आवाज, ओळखू न येणारा, फाटलेला. "थांबवा! डॉक्टर, थांबवा! काढा ते! येणार नाहीयेत पेशी, मेल आलाय, सुरू करू नका म्हणून मेल आलाय! पाया पडतो तुमच्या, काढा!"

मग दार उघडल्याचा आवाज, आणि डॉक्टरबाईंचा, अगदी शांत, आतून. "सिस्टर, नळी बंद करा. नाही, चालू केलेलं नाही. जोडलीये फक्त. काढून घ्या."

ताईंनी कपाळ टेबलावर टेकवलं. उद्या याचा जाब द्यावा लागेल, आणि मी कान काढून टाईप केलं हे आपण सांगायचं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. माऊसचं काय सांगायचं ते त्यानं त्याचं बघावं. रिसीव्हर त्यांनी कानाशी तसाच धरून ठेवला. ठेवायला जमेचना.

वर आता गोंधळ निवत होता. सिस्टर कुणाला तरी बसायला सांगत होत्या, पाणी देत होत्या. काचेच्या खोलीचं दार अजून उघडंच असावं, कारण त्यातून एक बारीक, किनरा आवाज स्पष्ट आला.

"बाबा, आज पण नाही?"

"नाही गं, टिल्लू. आज नाही. मी... आज नाही, बाळा. तुला रागवायचं असेल तर मला रागव."

ताईंनी रिसीव्हर कानावर आणखी दाबला.

"म्हणजे माझे केस आत्ता नाही जाणार?"

"नाही," बाप म्हणाला. "आत्ता नाही जाणार."

"खरंच?" पोरीचा आवाज एकदम उडी मारून वर गेला. "आई! आई, ऐकलंस? वेणी घाल ना मग. दोन घाल."